फरशी धुणारं यंत्र स्वतःला कसं धुणार?

फरशी पुसून झाली की पोतेरं खळबळून पिळावं लागतं, बादलीतलं काळं पाणी ओतावं लागतं, बादली विसळून उपडी घालावी लागते आणि पोतेरं दोरीवर वाळत टाकावं लागतं. एवढं केलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच पोतेऱ्यानं आपण घरभर कालचा वास पसरवतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. पण पोतेरं, बादली आणि पुसणारा हात अशी तिन्ही कामं एका प्लास्टिकच्या खोक्यात कोंबून त्याला मोटर-बॅटरी जोडली, की ही शेवटची आवराआवर आपण साफ विसरतो. यंत्र फरशी लख्ख करतं, जिन्याखाली जाऊन उभं राहतं, आणि दिवसभराची घाण पोटात घेऊन रात्र काढतं.

कोल्हापुरात अशी यंत्रं आता नवलाची राहिलेली नाहीत. मोठे दवाखाने, मॉल, मंगल कार्यालयं, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले कारखाने, अशा ठिकाणी मागून ढकलत न्यायचं यंत्र दिसतं. फ्लॅटमध्ये सोफ्याखाली शिरणारा चपटा रोबोट दिसतो. दोन्हींच्या जाहिरातीत 'सेल्फ क्लीनिंग' असं ठळक छापलेलं असतं. यंत्र स्वतःला धुतं म्हणजे नेमकं काय करतं, कुठवर करतं, आणि कुठे येऊन अडतं, ते इथे बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे काम सेन्सर आणि ॲपवर फार थोडं अवलंबून असतं. टाकीचा कोपरा, तळाचा उतार आणि झाकणाचं तोंड यांवर ते खरं ठरतं, म्हणजे यंत्र अजून कागदावर असतानाच ठरतं.

पोटात काय साचतं

मागून ढकलायच्या यंत्राला सगळे स्क्रबर म्हणतात. त्याची रचना तशी सरळ आहे. दोन टाक्या. एकीत स्वच्छ पाणी आणि थोडं डिटर्जंट. ते पाणी खाली फिरणाऱ्या ब्रशवर पडतं आणि ब्रश फरशी घासतो. मागच्या बाजूला वाकवलेली रबराची दुहेरी पट्टी असते, तिला स्क्वीजी म्हणतात. ती मळकं पाणी मधोमध गोळा करते. तिथे होज जोडलेली असते आणि व्हॅक्यूम मोटर ते पाणी हवेसकट ओढून दुसऱ्या टाकीत, घाणीच्या टाकीत टाकते. तिथे पाणी खाली पडतं, हवा वरून मोटरकडे जाते. टाकी भरत आली की एक तरंगणारा गोळा वर चढून हवेची वाट बंद करतो, नाहीतर पाणी मोटरमध्ये शिरेल.

फरशी, रबर, होज, टाकी, गोळा, आणि शेवटी निचऱ्याची नळी. घाण याच वाटेनं जाते आणि याच वाटेवर जागोजागी मुक्काम करते.

दुपारची पंगत उठल्यावर एका कार्यालयाच्या मागच्या मोरीवर अशी टाकी रिकामी होताना मी बघितली. आधी राखाडी पाणी आलं, वर तेलाचा तवंग. मग नळीनं दोन आचके दिले आणि भाताची शितं, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि त्या सगळ्यांना बांधून ठेवणारा लांब केसांचा एक गुंता बाहेर पडला. पाणी थांबलं. "मावशी, आतनं रोज धुता काय?" असं विचारल्यावर त्यांनी झाकण उघडून हात आत घातला. तो कोपरापर्यंत गेला आणि अडला. "हितनं म्होरं हातच जात न्हाई बगा, दादा. पाइप लावून पाणी मारायचं आणि झाकण लावायचं, झालं."

त्यांचं काही चुकत नव्हतं. टाकीचं तोंडच तेवढं होतं.

आता ते झाकण लावल्यावर आत काय घडतं? ओल आहे, ऊब आहे, अंधार आहे आणि भात, तेल, दूध, माणसाच्या कातडीचे कण असं भरपूर खाणं आहे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय जातीचा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. पण नुसती संख्या वाढली तर तेवढी अडचण नसते, पाण्याबरोबर ते वाहून जातील. अडचण अशी की जिवाणू भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं ते हेच. या आवरणाखालच्या जिवाणूंना मारायला सुट्या जिवाणूंच्या मानानं कित्येक पट कडक औषध लागतं. म्हणून टाकीत फिनेल ओतून झाकण लावलं की काम झालं, असं नसतं. आधी आवरण घासून, रगडून फोडायचं, मग औषध. उलट क्रमानं केलं तर औषध वाया जातं आणि टाकीला फिनेलचा आणि कुबट असा दुहेरी वास येतो.

दुसऱ्या दिवशी यंत्र चालू केलं की व्हॅक्यूमची हवा याच टाकीतून बाहेर फेकली जाते. दवाखान्याच्या वॉर्डात हे कुणालाच नको असतं.

डेअरीकडून काय घेता येतं, काय नाही

यंत्र न उघडता आतून धुण्याची विद्या कोल्हापूरला परकी नाही. १९६३ साली सुरू झालेल्या आपल्या 'गोकुळ'सारख्या मोठ्या दूध संघांचं काम तिच्याशिवाय चालूच शकत नाही. दुधाच्या पाइपा रोज खोलून घासत बसणं शक्य नसतं. त्यामुळे पाइपांतूनच पाणी आणि रसायनं फिरवतात. या पद्धतीला सीआयपी म्हणतात, म्हणजे जागच्या जागी धुलाई. आधी कोमट पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग सौम्य आम्ल, परत पाणी. सोडा चरबी आणि प्रथिनं सोडवतो, आम्ल दुधातल्या खनिजांचा खडा विरघळवतो.

पहिलं पाणी कोमटच का, हा तपशील महत्त्वाचा आहे. सुरुवातीलाच कढत पाणी सोडलं तर दुधातली प्रथिनं भिंतीवरच गोठून चिकटतात. फरशीच्या यंत्रालाही हेच लागू. सांडलेलं दूध, अंडं, दवाखान्यातलं रक्त, यांच्यावर आधी साधं पाणी, मग गरम. काही घरगुती यंत्रं 'गरम पाण्यानं धुलाई' एवढंच अभिमानानं सांगतात. क्रमाबद्दल मात्र गप्प असतात.

धुण्याचं गणित हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये एका वर्तुळात मांडलं. ते हेन्केल या जर्मन कंपनीत होते. धुण्याला चार गोष्टी लागतात: रसायन, घासण्याचा जोर, तापमान आणि वेळ. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. आपण भांडी घासताना हे नकळत करतोच; करपलेलं पातेलं रात्रभर भिजत घालतो, म्हणजे वेळ वाढवून जोर वाचवतो.

डेअरीत हा जोर वाहत्या पाण्याचा असतो. पाइपातून सेकंदाला सुमारे १.५ मीटर वेगानं पाणी गेलं की ते खळाळत जातं आणि भिंत घासून काढतं. मग फरशीच्या यंत्रातही तसंच करू, असं कुणालाही वाटेल. हिशोब करून बघा. होज ३८ मिलिमीटर व्यासाची धरली तर तो वेग गाठायला मिनिटाला १०० लिटरच्या वर पाणी लागेल. ५० लिटरची टाकी अर्ध्या मिनिटात रिकामी.

म्हणून इथे पाण्याऐवजी हवेकडून काम करून घेतात. हवा ओढणारी मोटर यंत्रात आहेच. ती सेकंदाला २५ लिटर हवा ओढते असं धरलं, तर त्याच होजमध्ये हवेचा वेग सेकंदाला २२ मीटरच्या घरात जातो. स्क्वीजी एका उथळ ताटलीत टेकवून दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी थांबून थांबून ओढू दिलं, की ते पाणी हवेबरोबर फरफटत, थपडा मारत होजच्या भिंतीवरून जातं. घरगुती उभी ओली-सुकी व्हॅक्यूम यंत्रं बटण दाबल्यावर नेमकं हेच करतात: यंत्र स्वतःच्या तळाच्या ताटलीत उभं राहतं, रोलर स्वच्छ पाण्यात फिरतो आणि ते पाणी स्वतःच्याच नळीतून ओढून घेतं. थोड्या पाण्यात जास्त जोर मिळवायची ही युक्ती मला सगळ्या प्रकारात हुशारीची वाटते. तिला वेगळा एकही भाग लागत नाही.

तापमानाचं काय? दहा लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला जवळपास अर्धं युनिट वीज लागते. २४ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीत सगळी मिळून २.४ युनिट असतात. म्हणजे एका अंघोळीत पाचवा हिस्सा गेला. घरातल्या छोट्या रोबोटच्या बॅटरीत तर फक्त एक लिटर पाणी तापवलं तरी निम्म्याहून जास्त चार्ज संपेल. म्हणून गरम पाण्याचं काम यंत्रात न ठेवता भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या डॉककडे, म्हणजे रोबोट परत येऊन उभा राहतो त्या ठाण्याकडे, दिलेलं असतं. शिवाय मोठ्या यंत्रांच्या टाक्या बहुतेक पॉलिथिलीनच्या असतात. डेअरीतलं ७०-८० अंशांचं पाणी स्टीलला चालतं, त्यांना रोज चालत नाही. त्या मऊ पडतात, झाकणाची बसणी बिघडते.

कोपरा, उतार, तोंड

आता खऱ्या मुद्द्याकडे. टाकी स्वतःहून धुतली जावी असं वाटत असेल तर तिचा आकारच असा हवा की घाणीला थांबायला जागाच मिळू नये.

अन्नप्रक्रियेची यंत्रं बनवणाऱ्यांनी याचे नियम घालून दिले आहेत. आतला कोपरा काटकोनी नको, त्याला गोलाई हवी, शक्यतो ६ मिलिमीटर त्रिज्येची, अगदीच नाही तर ३. तळाला सपाट जागा नको, निचऱ्याकडे उतार हवा. जिथे पाणी जातं पण वाहत नाही अशी आडवाट नको. पृष्ठभाग गुळगुळीत हवा. दुधाला लागणाऱ्या स्टीलचा खडबडीतपणा साधारण ०.८ मायक्रॉनच्या आत ठेवतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्या, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणाऱ्या मिस्त्रींना ही गोलाई नवी नाही. ते लाकडाचा पॅटर्न करताना आतल्या कोपऱ्याला फिलेट देतात, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात ओतीव लोखंड थंड होताना तडकतं. पॅटर्न साच्यातून अलगद निघावा म्हणून बाजूंना थोडा तिरकेपणाही देतात. कारण वेगळं, पण हात तोच. कोपऱ्यात ब्रश, पाणी आणि चिंधी यांपैकी काहीच पोचत नाही, पोचते ती फक्त घाण. तिरक्या भिंतीवरून चिखल आपोआप खाली सरकतो.

फौंड्रीतच हे यंत्र फिरवायचं असेल तर मामला आणखी अवघड होतो. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नावाची माती असते. ती पाणी पिऊन फुगते, टाकीच्या तळाशी बसते आणि वाळली की दगड होते. अशा ठिकाणी टाकीचा तळ नरसाळ्यासारखा निमुळता आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह भला मोठा लागतो. खरं तर तिथे आधी कोरडं झाडून वाळू उचलावी आणि मगच ओलं यंत्र आणावं. सगळी घाण एकाच यंत्रानं गिळावी हा हट्टच चुकीचा आहे.

राहिलं तोंड. गंगावेशीत म्हशीचं दूध घ्यायला येणाऱ्या कुणालाही विचारा, निमुळत्या गळ्याची किटली कुणी घेतं काय? हात आत जाऊन बूड घासता आलं पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत दूध फाटायला लागतं. यंत्राच्या टाकीचंही तसंच. पण टाकीच्या वर व्हॅक्यूम मोटर, वायरिंग, चालवणाऱ्याचे कंट्रोल असं सगळं रचायचं असतं, आणि मग झाकणाच्या वाट्याला उरेल तेवढी जागा येते. चांगली रचना उलटीकडून सुरू होते: आधी हातमोज्यासकट माणसाचा हात आत फिरेल एवढं तोंड आखायचं, मग मोटर कुठे बसते ते बघायचं. किंवा टाकी बिजागरीवर अशी बसवायची की अख्खी कलंडता येईल.

टाकीत डेअरीसारखा स्प्रे बॉलही बसवता येतो. हा भोकं पाडलेला गोळा असतो, छोटा पंप त्यातून पाण्याच्या धारा चारी भिंतींवर मारतो. पण पाणी सरळ रेषेत जातं. मध्ये तरंगत्या गोळ्याची जाळी आली, नळी आली, तर त्यांच्या मागे पाण्याची सावली पडते. घाण त्याच सावलीत बसते. स्प्रे बॉल बसवला म्हणून टाकी 'सेल्फ क्लीनिंग' झाली असं सांगणाऱ्या विक्रेत्याला तरंगत्या गोळ्याची जाळी काढून दाखव म्हणावं.

केस आणि सूत

फरशीच्या यंत्राचा खरा वैरी चिखल नाही. केस.

फिरणाऱ्या रोलरला केसाचं एक टोक लागलं की पुढचं काम रोलरच करतो. प्रत्येक फेऱ्याला केस आणखी घट्ट होतो, त्यावर दुसरा बसतो, आणि हळूहळू सगळे टोकाकडे सरकतात. टोकाला बेअरिंग असतं. तिथे गेलेला केस आत शिरतो, उष्णता वाढते, मोटर जास्त करंट ओढते आणि एक दिवस यंत्र थांबतं. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये केसाऐवजी सूत आणि रुईचे तंतू असतात. ते येतात मुबलक, आणि ओले झाले की त्यांचा लगदा होतो.

यावर चार तऱ्हांचे उपाय निघाले. रोलरला केस धरून ठेवणारे ताठ तंतूच नकोत म्हणून आयरोबॉट या अमेरिकन कंपनीनं २०१३ च्या सुमारास आपल्या रूम्बा या घरगुती रोबोटमध्ये दोन उलट फिरणारे रबरी रोलर आणले. दुसरा उपाय म्हणजे रोलरला घासत राहणारी कंगव्यासारखी पट्टी. तिसरा, आत बारीक पातं ठेवून केस कापणं. हे चालतं, पण पातं बोथट होतं आणि कधीतरी कुणीतरी बोट घालतं. चौथा उपाय मला सगळ्यांत आवडतो: रोलर नळकांड्यासारखा न करता एका टोकाला निमुळता करायचा. ताणलेल्या केसाच्या वेढ्याला कमी घेराकडे सरकणं सोपं जातं, तो आपोआप बारीक टोकाकडे घसरतो. ते टोक एकाच बाजूनं धरलेलं, म्हणजे दुसरीकडून मोकळं असतं. तिथून केस सुटतो आणि हवा त्याला ओढून नेते. ना पातं, ना सेन्सर, नुसता आकार.

डॉकवरची धुलाई

घरगुती रोबोटचा इतिहास फार जुना नाही. इलेक्ट्रोलक्सचा ट्रिलोबाइट २००१ चा, रूम्बा २००२ चा. तेव्हा डबा माणसानंच रिकामा करायचा. २०१८ मध्ये आयरोबॉटनं आय७+ बरोबर असा डॉक दिला की रोबोट जागेवर येऊन उभा राहिला की डॉकची मोठी मोटर त्याचा कचरा एका पिशवीत ओढून घेते. त्यानंतर पुसायचं फडकं धुणारे डॉक आले. रोबोट आपली दोन गोल फडकी डॉकमधल्या दातेरी पट्टीवर टेकवून गरगर फिरवतो, वरून पाणी येतं, मळकं पाणी वेगळ्या टाकीत जातं. काही यंत्रांत फडक्याऐवजी रोलर असतो. तो पुसत असतानाच ओला होतो आणि एका पट्टीवर निपटला जातो, म्हणजे घाण खोलीभर फिरत नाही.

छान आहे. पण दातेरी पट्टी कोण धुणार? निपटणारी पट्टी कोण धुणार? एक भाग स्वच्छ ठेवायला दुसरा आणला की घाण त्या दुसऱ्यावर जाते. ही साखळी कुठेतरी माणसाच्या हातावर येऊन थांबतेच. म्हणून मला 'स्वतःला पूर्ण धुणारं यंत्र' या दाव्यापेक्षा वेगळी अपेक्षा ठेवावीशी वाटते: उरलेली सगळी घाण एकाच जागी यावी, ती जागा समोर दिसावी, आणि पाना-पेचकस न घेता काढून नळाखाली धरता यावी. जिथे हात लावायचा ते भाग पिवळे किंवा वेगळ्या रंगाचे ठेवले तर नव्या माणसालाही कळतं.

आपल्या स्वयंपाकघराचा एक खास त्रास सांगायलाच हवा, हळद. तिचा रंग म्हणजे कर्क्युमिन, तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. तांबड्या रश्श्याचा थेंब पुसला की तेलाबरोबर तो फडक्यात शिरतो. त्यावर क्षारीय डिटर्जंट पडलं की पिवळ्याचा लालसर होतो आणि बघणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. डॉक कितीही वेळा फडकं धुवो, डाग राहतोच. फडकं काढून उन्हात टाकावं, कर्क्युमिन उन्हात फिकं पडतं.

वाळवल्याशिवाय धुणं पुरं होत नाही

जिवाणूंची वाढ रोखतं ते कोरडेपण. आणि कोल्हापुरातल्या जुलै-ऑगस्टमध्ये तेच मिळत नाही. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओलसर राहतात तिथे झाकणबंद टाकीची काय कथा.

काही डॉकमध्ये फडकं वाळवायला नुसता पंखा असतो, काहींत हीटरसकट. फरक केवढा पडतो बघा. पावसाळ्यातली २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा आधीच पाण्यानं भरलेली असते; एका घनमीटरमागे ती आणखी जेमतेम २ ग्रॅम पाणी घेईल. तीच हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांवर येते आणि तिची पाणी शोषायची ताकद कित्येक पट वाढते. म्हणजे दिल्लीत मे महिन्यात चालणारा बिनहीटरचा डॉक आपल्याकडे आषाढात निरुपयोगी. यंत्र घेताना हा प्रश्न जरूर विचारावा. मोठ्या स्क्रबरला हीटर नसतोच, त्यामुळे साधा उपाय: शिफ्ट संपली की दोन्ही टाक्यांची झाकणं उघडी ठेवायची आणि स्क्वीजी वर उचलून ठेवायची. काही झाकणांना अर्धवट उघडं राहायची खाच मुद्दाम दिलेली असते. दहा रुपयांचं काम आहे, पण रचनाकाराच्या डोक्यात ते आलं पाहिजे.

सेन्सरबद्दल थोडक्यात. डॉकला पाणी मळकं आहे की स्वच्छ हे कळतं ते टर्बिडिटी सेन्सरमुळे: एका बाजूनं अवरक्त प्रकाश सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचतो ते मोजायचं. कल्पना चांगली, पण सेन्सरच्या काचेवरही बायोफिल्म बसते. मग तो स्वच्छ पाण्यालाही मळकं म्हणतो आणि यंत्र उगीच धूत बसतं. काच प्रवाहाच्या ऐन धारेत ठेवली तर हे टळतं. तरंगत्या गोळ्याला फसवतो तो फेस. कुणी सवयीनं दोन झाकणं डिटर्जंट जास्त ओतलं की फेस गोळ्याला उचलतो, किंवा त्याला चुकवून थेट मोटरमध्ये जातो. बोअरचं जड पाणी असेल तर डॉकच्या हीटरवर चुन्याचा थर बसतो, तो अधूनमधून सायट्रिक ॲसिडनं काढावा. आणि काही गोष्टी कुठल्याच सेन्सरला दिसत नाहीत. स्क्वीजीच्या रबराखाली वाळूचा एक खडा अडकला की फरशीवर पाण्याची एक बारीक रेघ मागे राहते. यंत्राला पत्ता नसतो, झाडणाऱ्या बाईला लगेच दिसते. तिनं बोटानं खडा काढला की झालं. रबराची कड झिजली असेल तर पट्टी उलटून लावायची. बहुतेक पट्ट्यांना अशा चार कडा वापरता येतात.

टाकीतून निघालेलं पाणी संडास-मोरीच्या ड्रेनेजमध्येच जायला हवं. अंगणातल्या गटारीतून ते जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत गेलं, तर आपण नदीवर पोतेरं पिळलं असंच म्हणायचं.

तपासायचं कसं

समजा उद्यमनगरातल्या कुणी मनावर घेतलं आणि इथेच अशी टाकी बनवली. ती स्वतःला खरंच धुते का, हे कसं कळणार? डोळ्याला स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. औषधांच्या कारखान्यांत यासाठी रायबोफ्लेविन वापरतात, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व. लिटरमागे ०.२ ग्रॅम असं त्याचं पाणी करून आतल्या सगळ्या पृष्ठभागावर फवारतात, धुलाईचं चक्र चालवतात आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारतात. जिथे पाणी पोचलं नाही तिथे पिवळसर हिरवं चमकतं. हळदही अशी चमकते, पण ती प्लास्टिकलाच रंगवून ठेवते, त्यामुळे चाचणीच्या कामाची नाही.

ही चाचणी फक्त पाणी कुठवर पोचलं ते सांगते. रायबोफ्लेविन पाण्याबरोबर सहज निघून जातं, वाळलेला भात आणि तेल तसं निघत नाही. म्हणून पुढची फेरी खऱ्या घाणीची: पेज, तेल आणि बारीक माती कालवून टाकीला आतून लावायची, रात्रभर वाळू द्यायची आणि मग धुलाई चालवायची. पहिल्या फेरीतले चमकणारे ठिपके आणि दुसरीतली उरलेली घाण बहुतेक ठरलेल्या जागी सापडेल: गोळ्याच्या जाळीमागे, झाकणाच्या रबरी गॅस्केटच्या खाचेत, होज जिथे टाकीला जुळते त्या बांगडीखाली. त्यांपैकी एकेक जागा बुजवायची, गोलाई वाढवायची किंवा दुसरा फवारा लावायचा आणि परत टॉर्च मारायची.

हे सगळं पॉलिप्रॉपिलीनची शीट हॉट एअर गननं जोडून केलेल्या कच्च्या टाकीवर करावं. तिचा कोपरा बदलायला एक दुपार पुरते. टाकीचा ॲल्युमिनियमचा साचा एकदा ओतून झाला की त्याच कोपऱ्यासाठी नवा पॅटर्न, नवं ओतकाम आणि पुन्हा मशिनिंग असा खर्च पडतो, आणि मग मालक म्हणतो, राहू दे, मावशी घालतील हात.